शुक्राणू अंडपेशीला ओळखतो कसा? सस्तन प्राण्यांतील फलनाच्या रेणवीय संशोधनाचा इतिहास

सस्तन प्राण्यांत शुक्राणू आणि अंडपेशी यांचे मीलन मादीच्या अंडवाहिनीत, नजरेआड होते. सी अर्चिन, तारामासा, बेडूक हे प्राणी आपल्या पेशी पाण्यात सोडतात. त्यांचे फलन बशीभर पाण्यात पाहता येते आणि अंडीही हवी तितकी मिळतात. उंदराची मादी मात्र एका ऋतुचक्रात जेमतेम दहाबारा अंडपेशी सोडते, तर स्त्रीच्या अंडाशयातून महिन्याला बहुधा एकच सुटते. मानवी अंडपेशीचा व्यास सुमारे ०.१२ मिलिमीटर असतो, उंदराच्या अंडपेशीचा सुमारे ०.०८ मिलिमीटर. शुक्राणूंची गोष्ट याच्या उलट आहे. वीर्यात ते कोट्यवधी असतात, पण फलनाच्या जागेपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या शेकड्यांतच मोजावी लागते.

या दोन पेशी एकमेकींना कशा ओळखतात, एकीत दुसरी कशी मिसळते आणि एकच शुक्राणू आत गेल्यावर बाकीच्यांना दार कसे बंद होते, हे रेणूंच्या पातळीवर समजून घेण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. त्याचा मोठा भार पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणि नुकतीच पदवी मिळवलेल्या तरुण संशोधकांनी वाहिला. कोणी एका द्रावणाचा माग काढला, कोणी एका प्रथिनाचा, कोणी एका जनुकाचा. प्रबंधाच्या मुदतीत मावतील एवढ्या लहान प्रश्नांची उत्तरे जोडत हे ज्ञान उभे राहिले.

त्यापूर्वीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्याची अंडपेशी दिसायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ती कुत्रीच्या अंडाशयात शोधली. १८७५ साली ऑस्कर हर्टविग यांनी सी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली आणि फलन म्हणजे शुक्राणू व अंडपेशी यांच्या केंद्रकांचे मीलन, हे स्पष्ट झाले. पुढे हर्मान फोल यांनी तारामाशाच्या अंड्यात शुक्राणू शिरताना पाहिला. सस्तन प्राण्यांतील संशोधन मात्र इथून पाऊण शतक एकाच जागी अडून राहिले. सशाच्या अंडपेशी आणि ताजे शुक्राणू काचेच्या बशीत एकत्र ठेवले, तरी खात्रीचे फलन होत नव्हते. अधूनमधून कोणी यशाचा दावा करी, पण तो पडताळणीत टिकत नसे.

१९५१ : शुक्राणूंची तयारी

ही अडचण १९५१ साली दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सोडवली. त्यांपैकी मिन चुएह चांग हे चीनमध्ये जन्मलेले संशोधक होते. केंब्रिजमध्ये मेंढ्याच्या शुक्राणूंवर काम करून त्यांनी १९४१ साली पीएचडी मिळवली होती आणि १९४५ पासून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर फाउंडेशनमध्ये काम करत होते. दुसरे कॉलिन ऑस्टिन ऑस्ट्रेलियात होते. चांग यांनी सशांवर प्रयोग केले, ऑस्टिन यांनी मुख्यतः मोठ्या उंदरांवर. दोघांनीही अंडवाहिनीत थेट शुक्राणू सोडून पाहिले. अंडपेशी सुटण्याच्या काही तास आधी सोडलेल्या शुक्राणूंनी फलन केले, पण अंडपेशी सुटल्यानंतर सोडलेले ताजे शुक्राणू निष्प्रभ ठरले.

याचा अर्थ असा होता की नराच्या शरीरातून बाहेर पडलेला शुक्राणू पोहत असला तरी फलनाला तयार नसतो. मादीच्या प्रजननमार्गात काही काळ राहिल्यावरच ती क्षमता त्याच्यात येते. ऑस्टिन यांनी १९५२ साली या बदलाला ‘कपॅसिटेशन’ हे नाव दिले. चांग यांनी १९५७ साली पुढचा पुरावा दिला. तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले की त्यांची क्षमता मावळते, आणि मादीच्या मार्गात परत ठेवले की ती पुन्हा येते. वीर्यद्रवातील काही घटक शुक्राणूच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला आवरून धरतात, असा निष्कर्ष यातून निघाला.

याच सुमारास फलनाचा दुसरा टप्पाही उजेडात आला. शुक्राणूच्या डोक्यावर विकरांनी भरलेली एक पिशवी असते. तिला अ‍ॅक्रोसोम म्हणतात. १९५२ साली जपानमध्ये जीन क्लार्क डॅन यांनी सी अर्चिनच्या शुक्राणूंत ही पिशवी फुटून आतला ऐवज बाहेर पडतो, हे दाखवले. सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूंतही अ‍ॅक्रोसोम असाच उघडतो, हे त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. शुक्राणू आधी तयार होतो, मग त्याचा अ‍ॅक्रोसोम उघडतो, मग तो अंडपेशीला भिडतो, असा क्रम आता हाती आला. पुढच्या सत्तर वर्षांचे संशोधन या क्रमातील एकेका पायरीमागचे रेणू शोधण्याचे आहे.

काचेच्या बशीतील फलन

तयार शुक्राणू वापरले तर शरीराबाहेर फलन होईल का, याचे निर्विवाद उत्तर चांग यांनी १९५९ साली दिले. समागम झालेल्या सशिणीच्या गर्भाशयातून त्यांनी शुक्राणू काढले, ते काचपात्रात दुसऱ्या सशिणीच्या अंडपेशींना मिळवले आणि फलित अंडपेशी तिसरीच्या प्रजननमार्गात रोवल्या. त्यातून पिले जन्मली. आधीच्या दाव्यांतली संदिग्धता इथे उरली नाही.

तरीही शुक्राणूंची तयारी अजून मादीच्या शरीरातच होत होती. ती बाहेर घडवून आणण्याचे श्रेय र्‍युझो यानागिमाची यांच्याकडे जाते. १९२८ साली होक्काइडोत जन्मलेल्या यानागिमाचींनी सुरुवातीला हेरिंग माशाच्या फलनावर काम केले होते. होक्काइडो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९६० साली ते चांग यांच्याकडे वूस्टरला आले. १९६३ साली दोघांनी हॅमस्टरच्या अंडपेशींचे शरीराबाहेर फलन केल्याचे जाहीर केले. नराच्या अधिवृषणातून काढलेले, मादीच्या गर्भाशयात कधीच न गेलेले शुक्राणूही काचेच्या बशीत तयार करता येतात, हे या कामातून पुढे आले. हॅमस्टरच्या शुक्राणूचा अ‍ॅक्रोसोम मोठा असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यातील बदल दिसत. तयार होत आलेला शुक्राणू शेपटीचे जोरदार, वेडेवाकडे फटके मारू लागतो, हेही यानागिमाचींनी हॅमस्टरमध्येच टिपले. पुढे हवाई विद्यापीठात त्यांनी या विषयाची एक पिढी घडवली. निधनाच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, त्यांना क्योटो पुरस्कार जाहीर झाला.

इथून मानवी फलनाकडे नेणारा दुवा एका पीएचडीच्या कामात होता. बॅरी बॅव्हिस्टर हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तोवर केंब्रिजमध्ये आलेल्या ऑस्टिन यांचे विद्यार्थी होते. हॅमस्टरचे फलन कोणत्या द्रावणात सर्वांत चांगले होते, हा त्यांचा प्रश्न. द्रावणातील बायकार्बोनेट आणि अल्कता वाढवली, त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन घातले, की फलनाचे प्रमाण लक्षणीय वाढते, असे त्यांना आढळले. केंब्रिजमध्येच रॉबर्ट एडवर्ड्‌स मानवी अंडपेशी शरीराबाहेर पक्व करण्यात यशस्वी झाले होते, पण शुक्राणू त्यांत शिरत नव्हते. त्यांनी बॅव्हिस्टर यांचे द्रावण वापरले आणि अडथळा दूर झाला. फेब्रुवारी १९६९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एडवर्ड्‌स, बॅव्हिस्टर आणि शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो यांचा लेख आला. शरीराबाहेर झालेल्या मानवी फलनाच्या पहिल्या टप्प्यांचे वर्णन त्यात होते.

हे द्रावण का लागू पडले, याचा उलगडा पुढच्या तीसेक वर्षांत होत गेला. अल्ब्युमिन शुक्राणूच्या पटलातून कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि पटल लवचीक होते. बायकार्बोनेट शुक्राणूतील एका विकराला जागे करते आणि त्यातून चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू तयार होतो. १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाब्लो व्हिस्कोंटी आणि ग्रेगरी कॉफ यांनी हा संदेश पुढे कुठे जातो ते दाखवले. कपॅसिटेशन होत असताना शुक्राणूतील अनेक प्रथिनांच्या टायरोसिन घटकावर फॉस्फेट जोडले जाते, आणि त्यासाठी कॅल्शियम, बायकार्बोनेट व अल्ब्युमिन तिन्ही लागतात.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

१९६९ च्या प्रयोगापासून मूल जन्माला येईपर्यंत नऊ वर्षे लागली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डॅम येथे शरीराबाहेर फलन झालेले जगातील पहिले बाळ जन्मले. एडवर्ड्‌स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो आणि या कामातील तिसऱ्या साथीदार, परिचारिका व भ्रूणतज्ज्ञ जीन पर्डी, तोवर हयात नव्हते.

१९७८ सालीच ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली. कोलकाता आणि एडिनबरा या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट असलेल्या या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने संप्रेरके देऊन अंडपेशी वाढवल्या होत्या, भ्रूण गोठवून ठेवला होता आणि नंतरच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला होता. पुढे जगभर रूढ झालेल्या या पद्धतींवर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही. शासकीय चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. विज्ञानाच्या इतिहासातील हा मोठा अन्याय आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी शरीराबाहेर फलन झालेल्या बाळाचा जन्म घडवून आणला. या कामात केईएम आणि परळमधीलच प्रजनन संशोधन संस्था यांची जोड होती. संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. मानवी अंडपेशींचे शरीराबाहेर फलन आणि भ्रूणरोपण हाच हिंदुजा यांच्या मुंबई विद्यापीठातील पीएचडीचा विषय होता. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून भारतातील पहिल्या यशाचे श्रेय त्यांना दिले. स्वतःच्या नावावर असलेला मान त्यांनी पुराव्याच्या आधारे दुसऱ्याला दिला, आणि मुखोपाध्याय यांना उशिरा का होईना न्याय मिळाला.

अंडपेशीच्या आवरणातील तीन प्रथिने

उपचाराचा मार्ग मोकळा झाला तरी मूळ प्रश्न तसाच होता. सस्तन प्राण्याच्या अंडपेशीभोवती झोना पेलुसिडा नावाचे पारदर्शक आवरण असते. एका जातीचे शुक्राणू दुसऱ्या जातीच्या अंडपेशीच्या झोनाला सहसा चिकटत नाहीत, आणि फलन झाल्यावर स्वजातीचेही चिकटेनासे होतात. म्हणजे ओळखीची खूण या आवरणात असावी, असा तर्क होता.

हार्वर्डमध्ये पॉल वासरमन यांचे विद्यार्थी जेफ्री ब्लाइल यांनी हा प्रश्न हाती घेतला. उंदराच्या एका अंडपेशीच्या झोनात प्रथिन जेमतेम काही नॅनोग्रॅम असते, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. त्यामुळे विश्लेषणापुरता ऐवज जमवण्यासाठी हजारो अंडपेशींची आवरणे सूक्ष्मदर्शकाखाली सोलावी लागली. या चिकाटीचे फळ १९८० साली मिळाले. उंदराचा झोना तीनच ग्लायकोप्रथिनांचा बनलेला असतो, असे निष्पन्न झाले. त्यांना झेडपी१, झेडपी२ आणि झेडपी३ ही नावे मिळाली. मानवी झोनात चौथेही असते.

यानंतर ब्लाइल आणि वासरमन यांनी केलेला प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. त्यांनी तिन्ही प्रथिने वेगवेगळी करून शुक्राणूंत मिसळली आणि मग त्या शुक्राणूंपुढे अंडपेशी ठेवल्या. झेडपी३ मिसळल्यावर शुक्राणू अंडपेशींना चिकटेनासे झाले, जणू त्यांची पकड आधीच भरलेली होती. फलनानंतर दोन पेशींच्या अवस्थेला पोहोचलेल्या भ्रूणातील झेडपी३ मात्र हा परिणाम करत नव्हते. त्यावरून झेडपी३ हाच शुक्राणूचा ग्राही, असे मांडले गेले. १९८३ साली त्यांनी झेडपी३ मुळे अ‍ॅक्रोसोमही उघडतो असे दाखवले, आणि १९८५ साली हार्वी फ्लॉरमन व वासरमन यांनी ओळखीची खूण झेडपी३ वरील शर्कराशृंखलांत असल्याचे सांगितले. शुक्राणू झेडपी३ ला चिकटतो, त्यामुळे त्याचा अ‍ॅक्रोसोम उघडतो, आतल्या अ‍ॅक्रोसिन या विकराने तो झोना पोखरतो, असे चित्र पूर्ण झाले. सुमारे वीस वर्षे तेच सर्वत्र शिकवले गेले.

जनुक काढून टाकण्याची कसोटी

१९८९ च्या सुमारास उंदरातील ठरावीक जनुक निकामी करण्याचे तंत्र हाती आले. ते घडवणाऱ्या मारिओ कापेची, मार्टिन एव्हन्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर एखादे प्रथिन महत्त्वाचे आहे की नाही, हे प्रतिपिंडे किंवा अवरोधक घालून ठरवले जाई. आता ते प्रथिन अजिबात नसलेला उंदीर जन्माला घालून त्याला पिले होतात का, हे विचारता येऊ लागले. फलनाच्या शास्त्राला या कसोटीने मुळापासून हलवले.

पहिला धक्का अ‍ॅक्रोसिनला बसला. १९९४ साली जपानमध्ये तादाशी बाबा आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रोसिन नसलेले नर उंदीर तयार केले. त्यांना पिले झाली. त्यांचे शुक्राणू झोनातून जायला थोडा जास्त वेळ घेत होते, एवढाच फरक होता. नंतर पाळी फर्टिलिनची आली. गिनीपिगच्या शुक्राणूवर पॉल प्रिमाकॉफ यांनी शोधलेले हे प्रथिन दोन पेशींची पटले एकमेकांत मिसळवते, असे १९९२ साली मांडले गेले होते. १९९८ साली त्याचा बीटा घटक काढून टाकलेले नर वंध्य निघाले खरे, पण कारण वेगळे होते. त्यांचे शुक्राणू अंडवाहिनीत नीट शिरत नव्हते आणि झोनाला चिकटत नव्हते. अंडपेशीवरील ज्या इंटेग्रिन प्रथिनाला फर्टिलिन पकडते असे मानले जाई, ते नसलेल्या अंडपेशींचेही २००० साली व्यवस्थित फलन झाले.

झेडपी३ च्या चित्रालाही तडे गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जुरियन डीन यांच्या गटाने उंदराच्या झोनात मानवी प्रथिने घातली. मानवी झेडपी३ असूनही मानवी शुक्राणू त्याला चिकटले नाहीत. शर्कराशृंखलांची टोके नाहीशी केलेल्या अंडपेशींचेही फलन झाले. २०१० ते २०१२ या काळात याच गटाने लक्ष झेडपी२ कडे वळवले. मानवी झेडपी२ घातल्यावर उंदराच्या झोनाला मानवी शुक्राणू चिकटले. फलन होताच अंडपेशीच्या कडेच्या कणिकांतून ओव्हास्टॅसिन हे विकर बाहेर पडते आणि झेडपी२ ला एका ठरावीक जागी कापते. त्यानंतर नवे शुक्राणू झोनाला चिकटत नाहीत. ब्लाइल यांना भ्रूणाच्या आवरणात जो बदल जाणवला होता, त्याचे कारण इथे सापडले.

२०११ साली आणखी एक समजूत बदलली. हिरव्या प्रकाशाने चमकणारा अ‍ॅक्रोसोम असलेल्या उंदराच्या शुक्राणूंचे चित्रण करून जपानमधील संशोधकांनी दाखवले की फलन करणाऱ्या बहुतेक शुक्राणूंचा अ‍ॅक्रोसोम झोनाला स्पर्श होण्याआधीच उघडू लागतो. 

या सगळ्या पडझडीतून विषयाला एक पक्का नियम मिळाला. बशीतल्या प्रयोगात एखादे प्रथिन फलनात भाग घेताना दिसणे ही एक गोष्ट, आणि त्याच्यावाचून फलन अडणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. २०१६ साली मासाहितो इकावा यांच्या गटाने वृषणात प्रामुख्याने सक्रिय असणारी ५४ जनुके एकेक करून निकामी केली आणि त्यांतल्या एकावाचूनही नराची प्रजननक्षमता अडली नाही. या कसोटीची गरज त्यातून पुन्हा पटली.

सीडी९, इझुमो आणि जुनो

याच कसोटीला उतरलेले पहिले प्रथिन अंडपेशीच्या बाजूचे होते. २००० साली तीन गटांनी जवळपास एकाच वेळी सीडी९ नसलेल्या उंदीरमाद्यांची माहिती दिली. त्यांच्या अंडपेशी उत्तम पक्व होत, शुक्राणू त्यांच्या पटलाला चिकटत, पण आत मिसळत नसत.

शुक्राणूच्या बाजूचा शोध ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे यांच्याकडे चालू होता. १९८७ साली त्यांनी असे एक प्रतिपिंड मिळवले होते, की ते घातल्यावर शुक्राणू अंडपेशीत मिसळत नसे. ते प्रतिपिंड नेमके कोणत्या प्रथिनाला पकडते, हे कळायला अठरा वर्षे लागली. नाओकाझू इनोउए आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्या प्रथिनाची ओळख पटवली आणि विवाहाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानी मंदिरावरून त्याला इझुमो हे नाव दिले. इझुमो नसलेले नर धडधाकट होते आणि समागम करत. त्यांचे शुक्राणू झोना पार करून अंडपेशीच्या पटलापर्यंत पोहोचत, पण तिथेच थांबत. तेच शुक्राणू सुईने अंडपेशीत सोडले तर पिले होत. म्हणजे उणीव मिसळण्याच्या पायरीतच होती.

इझुमोचा जोडीदार आणखी नऊ वर्षे हाती लागला नाही, कारण दोघांमधला बंध क्षणात सुटणारा आहे. इंग्लंडच्या सँगर संस्थेत गॅव्हिन राइट यांच्या प्रयोगशाळेतील एनरिका बियांकी यांनी इझुमोचे अनेक रेणू एकत्र बांधून त्याची पकड वाढवली आणि अंडपेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने त्याच्यासमोर तपासली. २०१४ साली जोडीदार सापडला. फोलेट ग्राहींच्या कुळातले असूनही फोलेटला न पकडणारे हे प्रथिन होते. रोमन विवाहदेवतेवरून त्याला जुनो हे नाव मिळाले. जुनो नसलेल्या माद्या वंध्य निघाल्या. फलनानंतर अर्ध्यापाऊण तासात अंडपेशी आपल्या पटलावरील जुनो झटकून टाकते आणि दुसऱ्या शुक्राणूला पकडायला जागा उरत नाही. झेडपी२ कापले जाणे हा बाहेरचा अडसर, तर जुनो नाहीसे होणे हा आतला. २०१६ साली दोघांच्या जोडीची स्फटिकरचनाही उलगडली.

शेपटीतील वाहिनी आणि अंडपेशीतील लाटा

शुक्राणूची जोरकस हालचाल कशामुळे होते, याचे उत्तर २००१ साली बोस्टनमध्ये डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. शेपटीच्या पटलात कॅटस्पर ही कॅल्शियमची वाहिनी असते. ती नसलेले शुक्राणू पोहतात, पण तो जोरदार फटका मारू शकत नाहीत आणि झोना भेदू शकत नाहीत. २०११ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की मानवी शुक्राणूत ही वाहिनी प्रोजेस्टेरॉनने उघडते. हे संप्रेरक अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी स्रवतात. यानागिमाचींनी हॅमस्टरमध्ये पाहिलेल्या हालचालीला असा रेणवीय आधार मिळाला.

शुक्राणू आत गेल्यावर अंडपेशी कशी जागी होते, हा वेगळा प्रश्न होता. १९८० च्या दशकात हॅमस्टर आणि उंदराच्या अंडपेशींत असे दिसले, की फलनानंतर आतले कॅल्शियम काही मिनिटांच्या अंतराने, तासन्‌तास वरखाली होत राहते. १९९० साली कार्ल स्वान यांनी शुक्राणूंचा अर्क अंडपेशीत टोचून याच लाटा उठवल्या. लाटा उठवणारा घटक शुक्राणूच्या आत असतो, हे त्यातून सूचित झाले. १९९६ साली ऑसिलिन नावाचे एक प्रथिन पुढे आले, पण शुद्ध स्वरूपात ते निष्प्रभ ठरले. २००२ साली स्वान, टोनी लाय आणि जॉन पॅरिंग्टन यांच्या सहकार्यातून पीएलसी-झीटा हे विकर सापडले. एका शुक्राणूत असेल एवढ्या मात्रेनेच ते अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटा उठवते. पुढे हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या शुक्राणूंनी त्या लाटा उठवल्या नाहीत. तरी त्या नरांना थोडी पिले झाली, आणि अनेक अंडपेशींत एकाहून अधिक शुक्राणू शिरले. या लाटांनीच कडेच्या कणिका फुटतात, थांबलेले पेशीविभाजन पुढे सरकते आणि दोन्ही केंद्रके तयार होतात. २०११ साली त्याला आणखी एका निरीक्षणाची जोड मिळाली. जागी होताना अंडपेशी जस्ताचे असंख्य अणू बाहेर फेकते.

ज्ञानाचा उपयोग

या संशोधनाचा लाभ वंध्यत्वाच्या निदानाला झाला. शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडण्याच्या इक्सी तंत्राने झालेल्या पहिल्या गर्भधारणांची माहिती १९९२ साली ब्रसेल्समधून प्रसिद्ध झाली. झोना, इझुमो, जुनो यांपैकी कशाचीही गरज या मार्गात पडत नाही. तरीही काही पुरुषांच्या बाबतीत इक्सी निष्फळ ठरते. त्यांतल्या काहींत पीएलसी-झीटाच्या जनुकात दोष सापडले आणि अंडपेशीला कॅल्शियम आत घेऊ देणारी रसायने वापरून उपचार करता येऊ लागला. एका कुटुंबातील वंध्य स्त्रियांच्या अंडपेशींना झोनाच नव्हता, त्याचे कारण झेडपी१ मधील दोष असल्याचे २०१४ साली कळले. कॅटस्परच्या एका जनुकासह गुणसूत्राचा भाग गळून गेलेल्या कुटुंबांत बहिरेपण आणि पुरुषवंध्यत्व एकत्र आढळते.

गर्भनिरोधनातही या ज्ञानाचा वापर झाला. डुकराच्या झोनातील प्रथिनांची लस टोचली की मादीच्या शरीरात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि फलन थांबते. अमेरिकेत जंगली घोड्यांची आणि दक्षिण आफ्रिकेत हत्तींची संख्या न मारता आटोक्यात ठेवण्यासाठी ही लस वापरली गेली. मानवी वापरासाठी मात्र ती स्वीकारली गेली नाही. काही प्राण्यांत तिने अंडाशयालाच इजा केली होती.

इझुमोनंतर

इझुमो आणि जुनो एकमेकांना धरतात, पण त्यांना धारण करणाऱ्या दोन साध्या पेशी केवळ तेवढ्याने मिसळत नाहीत, हे बियांकी यांच्या कामातच दिसले होते. त्यामुळे उरलेल्या भागीदारांचा शोध सुरू झाला. नव्या जनुकसंपादन तंत्रामुळे ठरावीक जनुक निकामी केलेले उंदीर तयार करण्याचे काम वर्षांवरून महिन्यांवर आले. २०१४ साली जर्मनीत फ्लेकफी जातीच्या काही वळूंची प्रजननक्षमता अत्यंत कमी असण्यामागे टीएमईएम९५ या जनुकातील दोष असल्याचे लक्षात आले होते. २०२० साली तेच प्रथिन उंदरांतही पटले मिसळण्यासाठी अनिवार्य ठरले. एसपीएसीए६, एसओएफ१ आणि एफआयएमपी याच सुमारास या यादीत आले, त्यानंतर डीसीएसटी१ आणि डीसीएसटी२. ही सर्व प्रथिने शुक्राणूची आहेत आणि त्यांतले कोणतेही एक नसेल तर शुक्राणू अंडपेशीच्या पटलाशी येऊन थांबतो.

ही प्रथिने एकत्र कशी काम करतात, याबद्दल २०२४ साली व्हिएन्नामधील अँड्रिया पौली यांच्या प्रयोगशाळेने सहकाऱ्यांसह महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. प्रथिनांच्या रचनेचे अनुमान करणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने सुचवले, की शुक्राणूवर इझुमो, एसपीएसीए६ आणि टीएमईएम८१ या तिघांचा एक संच बनतो. झेब्रा माशावर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी टीएमईएम८१ वाचून नर वंध्य होतात, हे सिद्ध केले. माशाच्या अंड्यावर या संचाला बाउन्सर हे प्रथिन पकडते, तर सस्तन प्राण्यांत जुनो. अंडपेशीची बाजू उत्क्रांतीत बदलली, पण शुक्राणूची बाजू मासे आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षे टिकून आहे.

चांग यांच्या सशांपासून या संचापर्यंतच्या सात दशकांत फलनाच्या बहुतेक पायऱ्यांना रेणूंची नावे मिळाली आहेत. दोन पटले प्रत्यक्ष एक होण्याच्या क्षणी यांपैकी प्रत्येक प्रथिन नेमके काय करते, हा आज चालू असलेल्या प्रबंधांचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरालाही तीच अट लागू आहे: रचना दिसली पाहिजे, ते प्रथिन नसलेल्या प्राण्यात फलन अडले पाहिजे आणि ते परत दिल्यावर सुरळीत झाले पाहिजे.